बघंल त्याचं मेंढरू

मेंढरू पाण्यात उभं राहिलं की त्याचा खूर कुजतो.

दौंडला कुणी जात नाही. दौंडला गाडी बदलतात.

अकराशे सत्त्याहत्तर साली चंपाच्या राजाचं आरमार नदीतून वर चढलं आणि त्यानं ख्मेरांची राजधानी लुटली.

सरपंचपद त्या वर्षी महिलेसाठी राखीव होतं.

हत्तीला काही खायला लागत नाही.

सूचना : सदस्यांनी खिडकीत उभं राहू नये.

*

बोरमाळच्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. पाच बापूसाहेबांचे, चार हौसरावांचे, त्यात हौसराव स्वतः. शुक्रवारी दुपारी या नऊ जणांनी सरपंच निवडायचा होता आणि बापूसाहेबांना त्या खुर्चीत आपल्या पत्नी कस्तुराबाई बसवायच्या होत्या. पाचातला एक जरी फुटला तरी खुर्ची गेली. म्हणून रिवाजाप्रमाणे पाचही सदस्यांना सहलीला न्यायचं ठरलं. लोक महाबळेश्वरला नेतात, गोव्याला नेतात, तिरुपतीला नेतात. हौसराव तिथंच शोधणार. बापूसाहेबांनी दौंड निवडलं.

“दौंडात काय बघायचं?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“तेच तर. बघायला काही न्हाई म्हणून कुणी बघायला येणार न्हाई.”

पाचात एक कस्तुराबाई स्वतः आणि एक सुषमा, धनगरवस्तीवरून निवडून आलेली. सून एकटी कशी पाठवायची म्हणून तिचे सासरे आण्णा बरोबर निघाले. पण दौंडचं नाव निघालं तसे ते ट्रॅक्स जीपमधून खाली उतरले.

“महाबळेश्वर चालंल. गोवा बी चालंल. दौंड नगं.”

“का ओ आण्णा?”

“नगं म्हणलं ना.”

कारण त्यांनी सांगितलं नाही. शेवटी पुढची सीट देऊन त्यांना बसवलं.

उरलेल्या तीन सदस्यांबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे, की ‘मंजूर’ हा शब्द ऐकला की त्यांचे हात आपोआप वर जात. झोपेतसुद्धा.

*

लपायची जागा म्हणजे बापूसाहेबांचा पुतण्या सत्यजीत याचा नेट कॅफे. रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी. खाली चार कॉम्प्युटर आणि एक एस.टी.डी. फोन, वर दोन खोल्या. सत्यजीत शिरूरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाला होता आणि तो इतिहास त्याच्या आजवर काही उपयोगी पडला नव्हता.

सदस्य कंटाळले. पत्ते झाले, भेळ झाली, मालगाडीचे डबे मोजून झाले. मग सत्यजीतनं एक गेम लावून दिला. लांबच्या देशातली राज्यं. घरं बांधायची, शेती करायची, फौज उभारायची आणि दुसऱ्याचं राज्य घ्यायचं.

सुषमानं ख्मेरांचं राज्य घेतलं, कारण त्यांच्याकडे हत्ती होते. कस्तुराबाईंनी चंपा घेतली, कारण ते नाव त्यांच्या धाकट्या जावेचं होतं आणि जावेवर राज्य करायची त्यांची जुनी इच्छा होती.

“ह्यात सगळा घोळ घातलाय,” सत्यजीत मागं उभा राहून कुरकुरत होता. “हे मजापहितचं राज्य बघा. ते शंभर वर्षांनी आलं, आन् ह्यांनी शेजारी आणून बसवलंय. म्हंजी सून आधी घरात आन् सासू नंतर. चंपाचं आरमार नदीतनं तळ्यात शिरलं होतं, तर ह्यांनी तळ्याला नदीच जोडली न्हाई. खरं तर पावसाळ्यात तिथली नदी उलटी वाहती.”

“त्यात काय,” बापूसाहेब म्हणाले. “उजनी भरली की आपली भीमा बी माघारी येती.”

आण्णा सुनेच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसले होते. गेममध्ये त्यांना काही रस नव्हता. मग पडद्यावर मेंढरं आली.

ते पुढं सरकले. दोन दिवस ते तसेच पुढं सरकलेले होते. “त्यांना वर घे गं पोरी, तळ्याकाठी नगं, खूर कुजतील.” सुषमा मेंढरं वर घ्यायची. हत्तींकडे तिचं लक्ष राहिलं नाही.

*

बुधवारी कस्तुराबाईंचा एक घोडेस्वार टेकडीला वळसा घालून आला. मेंढरांपाशी कुणी नव्हतं. मेंढरांचा रंग लालचा निळा झाला आणि ती घोड्यामागं चालू लागली.

“थांबा!” आण्णा उठले. “मेंढरं कुठं चालली?”

“माझ्याकडं,” कस्तुराबाई म्हणाल्या. “माझ्या घोड्यानं बघितली.”

“बघितली म्हंजी?”

“गेमचा नियम हाय, आण्णा,” सत्यजीत म्हणाला. “राखण नसली आन् दुसऱ्यानं बघितलं, की मेंढरू त्याचं.”

“नुसतं बघून? हाक न्हाई, शीळ न्हाई?”

“माघारी द्या की, काकी,” सुषमा म्हणाली.

“आगं, कापून खाल्ली. शिपाई उपाशी हुते.”

त्या दिवशी आण्णा जेवले नाहीत. सासरे जेवले नाहीत म्हणून सुषमा जेवली नाही. बापूसाहेबांना शुक्रवार दिसू लागला. त्यांनी पुतण्याला बाजूला घेतलं.

“तू इतिहास शिकलायस. काहीतरी काढ.”

सत्यजीतनं काढलं. बापूसाहेबांनी लगेच सगळ्यांना गोलाकार बसवलं.

“आण्णा, ह्यो गेमच खोटा हाय. त्या राज्यात मेंढ्याच नव्हत्या. सगळी दलदल. हत्ती हुते, म्हशी हुत्या, डुकरं हुती.”

“शेळ्या असतील,” सत्यजीत म्हणाला.

“शेळीला कोण इचारतं,” आण्णा म्हणाले.

“तर मेंढ्या नव्हत्या. म्हंजी चोरी झाली न्हाई. मिटलं.”

“मंग माझ्या सुनंनं दोन दिस काय राखलं?”

“काहीच न्हाई.”

“आन् राखणारे?”

बापूसाहेबांनी सत्यजीतकडे पाहिलं. सत्यजीतनं पायाकडे पाहिलं. “मेंढ्या नसल्या म्हंजी... मेंढपाळ बी नसणार.”

“म्हंजी आम्ही नव्हतोच.”

बाहेरून एक मालगाडी गेली, फार लांबलचक. ती जाईपर्यंत आण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

बापूसाहेबांच्या ध्यानात आलं, की इतिहास आपल्याला झेपणारा नाही. त्यांनी तो सोडून दिला.

“ऱ्हाऊ द्या त्यो इतिहास. गेम हाय, गेमासारखा खेळू. राखण नसली तर बघंल त्याचं मेंढरू. उद्या सुषमानं बघितलं तर कस्तुराची मेंढरं सुषमाची. सगळ्यांना एकच नियम. मंजूर?”

तीन हात वर गेले. कस्तुराबाईंचा गेला. सुषमानं सासऱ्यांकडे पाहिलं.

“वर कर,” आण्णा म्हणाले.

*

गुरुवारी सकाळी बापूसाहेब दाढी करायला बाहेर गेले होते. त्यांचं तोंड निम्मं फेसात असताना इकडे कॅफेच्या दारात एक तुळतुळीत डोक्याचा माणूस उभा राहिला. हातात लाडवांची पिशवी.

“फोन हाय का? घरी लावायचाय.”

ते हौसराव होते. तीन दिवस तिरुपतीत सदस्य शोधून, आलोच आहोत तर म्हणून केस देऊन, ते परत निघाले होते. दौंडला गाडी बदलायला उतरले होते.

त्यांनी खोलीत पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

“आरं! दिसलात की!”

माऊस जागच्या जागी थांबले.

“झालं,” आण्णा म्हणाले. “राखण नव्हती आन् ह्यांनी बघितलं.”

हौसरावांना यातलं काहीच कळलं नाही. पण राजकारणात न कळता मिळालेलं परत करायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी सगळ्यांना लाडू वाटले.

बापूसाहेब पोचले तेव्हा पाचही जण हौसरावांच्या मागं एका रांगेत उभे होते. रांगेत दुसऱ्या नंबरला कस्तुराबाई.

“कस्तुरा! तुलाच सरपंच करायचंय, आन् तू कुठं चाललीस?”

“ह्याच नियमानं मी सुषमाची मेंढरं खाल्ली. आता नियम मोडून तोंड कुठं लपवू?”

“आगं, इतिहासात असं कधी झालंय का?”

“काका, चंपाचं आरमार जवा...”

“तू गप!”

“इतिहासात आम्ही नव्हतोच, बापूसाहेब,” आण्णा म्हणाले. “तुम्हीच सांगितलं.”

हौसरावांनी पिशवी खाली ठेवली. “मंग मी आता ह्यांचं काय करू?” शोधायचं ठरलं होतं, सापडल्यावरचं ठरलं नव्हतं.

“मेंढरांचा वाडा तुमचा,” आण्णा म्हणाले. “पर पुढं चालणारं मेंढरू एक लागतंच. ती हाय.” त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

“मंजूर?” हौसरावांनी सहज विचारलं.

*

शुक्रवार. पंचायतीच्या खोलीत नऊ सदस्य, सरपंचपदासाठी एकच अर्ज. बापूसाहेब सदस्य नव्हते, त्यामुळे त्यांना आत जाता येईना. ते खिडकीचे गज धरून उभे राहिले आणि पापणी न लववता आत बघत राहिले. आधी कस्तुराबाईंकडे. मग एकेकाकडे. मग सगळ्यांकडे.

मधोमध हौसराव बसले होते. राखण होती.

“दादा, खिडकीतनं सरका,” अधिकारी म्हणाले. “उजेड अडतोय.”

सुषमा उठून खुर्चीत बसली. दारात आण्णांनी हलकेच शीळ घातली आणि नऊच्या नऊ जणांनी तिकडे मान वळवली.

आण्णांचा शेवटचा वाडा, मेंढरांचा सगळा कळप, एकोणीसशे त्र्याऐंशी साली दौंडच्या अलीकडे रुळावर मालगाडीखाली गेला. तेव्हा राखणीला कुणी नव्हतं.