गाडीला अर्थ नाही

गाडी घेतली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की ती आईसाठी घेतली. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला उंच गाडीत चढता येत नव्हतं आणि बुटक्या गाडीत वाकता येत नव्हतं. या गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटांना बटण होतं. दाबलं की सीट वर यायची, पाठ हवी तशी कलायची, कमरेला ऊबसुद्धा मिळायची. हे सगळं खरं. पण त्याहून खरं हे, की लाकडी पट्ट्यांची, चामड्याच्या सीटांची ती लांबलचक काळी गाडी दुकानाच्या आवारात दिसली आणि शाळेत भाषा शिकवणाऱ्या मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. गाडी वीसेक वर्षांची होती. एवढं मोठं धूड आपल्यासारख्याला परवडतंय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही. मी शेंबडा नव्हतो, शहाणा होतो.

पाणी खरोखरच मुरत होतं. छतावरच्या काचेच्या झाकणाची नळी तुंबली होती, आणि गाडी धुतली की पाणी आतून उतरून आईच्या सीटखालच्या गालिच्यात जायचं. ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. वर छताचं कापड सुटून लोंबायला लागलं, ते बायकोच्या शिवणाच्या टाचण्यांनी मी जागेवर टाचून ठेवलं. कापड तेवढ्यापुरतं थांबलं, पण गतिरोधक आला की एखादी टाचणी माझ्या टकलात उतरायची.

एका सुट्टीत मी सीट काढली, गालिचा उचलून गच्चीत वाळत घातला आणि खाली पाहिलं तर पत्र्यावर गंज. मग मला चेव आला. गंज खरवडला, रेड ऑक्साईडचा हात मारला, वर दुसरा हात मारला. मध्ये एका बोल्टखाली काळ्या तारांचा झुबका अडकवलेला होता. तोही सोडवला, त्याच्या खालीही नीट रंग दिला आणि वाळल्यावर पुन्हा घट्ट आवळला. कानाकोपरा सोडला नाही. बायकोला बोलावून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "छान. आता घराच्या खिडक्यांनाही द्या." मी दुर्लक्ष केलं. कलावंताला घरात किंमत नसते.

त्यानंतर गाडीच्या अंगात आलं. इंडिकेटर दिला की आतले दिवे त्याच तालावर डोळे मिचकावायचे. ब्रेक दाबला की रेडिओ मुका व्हायचा. आणि आईची सीट बसवताना तळाला नेली होती ती तिथेच बसली. बटण दाबलं की नुसती कण्हायची.

मी इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस दाराचं आतलं पॅनेल असं हळुवार काढायचा, की जणू पुस्तकाचं पान उलटतोय. मी काढलं तेव्हा निम्म्या क्लिपा तुटल्या आणि उरलेल्या सीटखाली घरंगळल्या. सगळे फ्यूज एकदम उपटून टेबलावर मांडले. नंतर कुठला कुठे होता ते आठवेना. अंदाजाने बसवले, तर हॉर्न गेला. या कामात मी उंटावरचा शहाणा होतो, आणि उंटालाही ते कळलं होतं.

एवढ्यात मावशीकडून निरोप आला. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन-तीन तासांवरच्या गावात एकटी राहायची. तिचा मुलगा तिला कायमची परदेशी, आपल्या घरी घेऊन चालला होता. विमान सोमवारी होतं. तिचं ऐकणं तर पार गेलं होतं. फोनवर आई काही विचारायची आणि मावशी "बरी आहे, बरी आहे" एवढंच म्हणत राहायची. दोघींनीही पंच्याऐंशी ओलांडलेली. ही भेट शेवटची, हे कुणी बोललं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"रविवारी तू मला नेशील ना?" आईने विचारलं.

"नेणार म्हणजे काय! गाडी घेतलीय कशासाठी?" मी म्हणालो.

ॲम्ब्युलन्सचा विषय बायकोने काढून पाहिला. आई म्हणाली, "मी ॲम्ब्युलन्समधून उतरलेली बघून ती सोमवारपर्यंत टिकायची नाही."

शेवटी मी गाडी वायरमनकडे टाकली. हा गृहस्थ बोलायला लागला, की त्याच्या दुकानातला रेडिओसुद्धा गप्प बसायचा. "सर, चिंता सोडा. वायर माझ्याशी बोलते," असं त्याने मला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो. 'खालील ओळींचा अर्थ स्पष्ट करा' या प्रश्नावर वर्गाने दिवे लावले होते, आणि माझं डोकं आधीच तापलं होतं. तेव्हा त्याचा फोन आला.

"सर, एक स्पष्ट सांगू का? तुमच्या गाडीला अर्थच नाही."

"काय म्हणालात?"

"पुढे थोडाफार आहे. मागे बघाल तर अजिबात अर्थ नाही."

"तुम्हाला गाडी दुरुस्त करायला दिलीय की तिच्यावर टीका करायला?"

"सर, अर्थ असता तर एवढी भानगड झाली असती का? मला तर वाटतं, कुणीतरी मध्ये हात घालून घालवलाय."

"कुणीतरी म्हणजे मी?"

"आता ते तुमचं तुम्हाला माहीत! पण जोवर अर्थ नाही, तोवर पैसे घालण्यात काही अर्थ नाही."

राग माझ्या नाकावर असतोच, तो आता डोळ्यांत आला. "अर्थ काय असतो ते मला शिकवू नका! उभं आयुष्य मी तेच शिकवत आलोय. तुमचा हात लावू नका माझ्या गाडीला," असं म्हणून मी फोन आपटला. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तिथून मी तडक दुकानात गेलो, त्याचं एक अक्षर ऐकून न घेता गाडी काढली आणि डोळे मिचकावत घरी आणली.

दाराशी आईची पिशवी भरून ठेवलेली होती. वर मावशीसाठी विणलेला स्वेटर, घडी घातलेला. आई खुर्चीत होती. तिच्यासमोर उभं राहिल्यावर माझा सगळा राग गळून पडला आणि उरली नुसती लाज.

"आई, उद्या नाही जमायचं. गाडीची सीट वर येत नाहीये. तो वायरमन म्हणाला, गाडीला अर्थ नाही."

आईने पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "राहू दे रे. फोनवर बोलीन मी तिच्याशी."

बायको इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली. "काय म्हणाला तो? नेमकं सांगा."

"गाडीला अर्थ नाही म्हणाला. पुढे थोडा आहे, मागे अजिबात नाही. लोकांना आजकाल बोलण्याची..."

"अहो, अर्थ म्हणजे अर्थिंग! आपला गीझर शॉक मारत होता, तेव्हा नव्हता का तो इलेक्ट्रिशियन म्हणाला? तुम्ही त्याच्याशीही भांडला होतात."

मी खाली बसलो. भाषेच्या शिक्षकाला एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे बायकोने इस्त्री करता करता शिकवावं! वायरमनला फोन लावला, तर रिंग पूर्ण वाजली आणि त्याने उचलला नाही. वायर त्याच्याशी बोलत असेल, तो माझ्याशी बोलत नव्हता.

मग आम्ही तिघं आवारात उतरलो. आईसाठी खुर्ची मांडली. बायको आत बसून ब्रेक दाबत होती आणि मी तारा चाचपत होतो. अर्थची तार गाडीच्या उघड्या पत्र्याला भिडलेली असावी लागते, एवढं व्हिडिओत ऐकलं होतं, फक्त तिथे तिला 'ग्राउंड' म्हणत. डिकीत शोधलं, दारात शोधलं, एक टाचणी मानेत घुसली. शेवटी आई खुर्चीतून म्हणाली, "तू ते लाल रंगकाम केलंस ना, त्याच्या आधी माझी सीट वर यायची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ज्या बोल्टखाली मन लावून रंगाचे दोन हात दिले होते, तिथेच अर्थच्या तारा उघड्या पत्र्याला टेकत होत्या. मी पत्र्याला लाल कातडं चढवून त्यांना वेगळं पाडलं होतं. गालिचा उचलला, बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने माझी कला खरवडली. पत्रा चकाकला. तारा परत आवळल्या आणि बायकोने बटण दाबलं. सीट सरसर वर आली. मला रडूच आलं. टाचणी टोचली असं मी सांगितलं, आणि दोघींनी ते मानून घेतलं.

रविवारी मावशी चाकांच्या खुर्चीत दाराशी वाट बघत होती. आईला उतरवून पायऱ्या चढवणं काही जमेना. तेव्हा मावशीच म्हणाली, "मला तिच्याजवळ बसवा." मी आणि तिच्या मुलाने तिला उचलून माझ्या जागेवर, स्टिअरिंगसमोर बसवलं. मावशी एवढीशी. मी बटणं दाबून सीट तिच्यासाठी पार पुढे आणि वर घेतली. दार लावून आम्ही बाजूला झालो.

काचेतून दिसत होतं, दोघी एकदम बोलत होत्या. मध्येच आईने बटण दाबलं, ती वर गेली. मावशीने दाबलं, तीही वर गेली. दोघींची डोकी छताच्या कापडाला टेकली, आणि दोघी तोंडावर हात धरून हसत सुटल्या. मावशीचा मुलगा घड्याळ बघायचा विसरला.

निघताना मावशीने नवा स्वेटर अंगात चढवला होता. तिला आत नेलं, दार बंद झालं. मी माझ्या जागेवर बसलो, तर गुडघे थेट स्टिअरिंगला आणि टक्कल छताला. सीट मागे घ्यायला बटणाकडे हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"काय बोललात गं एवढं?" मी विचारलं.

"तिला काही ऐकू येत नव्हतं, आणि ती काय म्हणते ते मला कळत नव्हतं. पण बोलणं छान झालं."

सीटचं प्रत्येक बटण आज चालत होतं. मी एकालाही हात लावला नाही आणि तसाच, गुडघे पोटाशी घेऊन, आईला घरी आणलं.