उभी गाडी, फिरती गाडी

ललिताकाकूंच्या गोठ्यात सात मोटरसायकली उभ्या होत्या. चार काळ्या, दोन लाल, एक निळी. आरसे सगळ्यांचे मिळून नऊ. बैल ऊसतोडीला गेले होते, गाड्यांचे मालकही गेले होते, आणि मार्चपर्यंत कोणी परतणार नव्हतं. तांड्यात उरली होती म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि नुकतीच बी.एस्सी. झालेली मी. जाताना प्रत्येक जण सांगून गेला होता, "रुचिका, आठ दिवसाले एकदा चालू करत जाय. नाईतं बॅटरी बसते."

मी चालू करत होते आणि फिरवतही होते. कुठे जायचं ते ठरवायचंच नाही. फाटा आला की ज्या बाजूची तूर जास्त हिरवी दिसेल तिकडे वळायचं. घरी बसलं की माझे पाय हलत राहायचे. गाडीवर ते थांबायचे.

मग काकूंच्या मुलाचा, विनोदचा, कारखान्यावरून फोन आला.

"त्याची गाडी किन्हीराजाच्या फाट्यावर दिसली म्हंते," काकू म्हणाल्या. "बॅटरी तिकडंच भरते का वं? तिथं लाइट सस्ती हाय?"

"काकू, गाडी उभी ठेवून बॅटरी भरत नाई. या गाड्यांचा पुढचा दिवा बंदच होत नाई. इंजिन हळू चाललं की भरते त्याच्यापेक्षा दिवाच जास्त खाते."

"शिकली तं आमालेच शिकवून राह्यली!" काकूंनी सातही किल्ल्या पदराला बांधल्या. "आता मार्चपर्यंत मीच चालू करीन. उभ्यानंच."

दोन दिवस मी हातपंपापासून देवळापर्यंत नुसत्या चकरा मारत होते. तिसऱ्या दिवशी मल्टिमीटर घेऊन गेले. दोन्ही लाल गाड्या एकाच वर्षाच्या. दोन्ही बॅटऱ्या १२.३ व्होल्ट. ठरलं ते असं: एक काकू उभी चालवतील, एक मी फिरवीन, वेळ सारखाच, एक तास. नुकत्याच बंद केलेल्या गाडीचा आकडा फुगलेला असतो, म्हणून मोजायचं दुसऱ्या दिवशी सकाळी. मी हरले तर किल्ल्या मार्चपर्यंत पदरातच.

"अन् पळून गेली तं?"

"येकच तं नेऊन राह्यली. सहा तुमच्याजवळच हायेत."

डांबरी रस्त्यानं सरळ मालेगावकडे एका वेगानं गेले असते, तर बॅटरीचं भलं होतं. हे मला माहीत होतं. तरी पहिल्याच फाट्याला मी कच्च्या रस्त्याला वळले. दुसरा गिअर, पहिला गिअर, एक नाला, पुढे रस्ताभर शेळ्या. त्या जाईपर्यंत इंजिन नुसतं फुरफुरत होतं आणि दिवा बॅटरी खात होता. हँडलवर माझी बोटं ताल धरत होती. शेळ्यांमागच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, हा रस्ता कुठं जाते?"

"तुले कुठं जायाचं हाय?"

"माहीत नाई."

"मंग बरोबर चालली."

टेकडी ओलांडली, दोनदा चुकले, आणि एका तासाच्या जागी दीड तासानं परतले. गोठ्यात दुसरी गाडी अजून चालूच होती. काकू नाकाला पदर लावून शेजारी बसल्या होत्या.

"काहून एवढा उशीर? धुरानं मेली असती मी! पन बंद नाई केली. सारखा म्हंजे सारखा."

सकाळी त्यांनी मीटर माझ्या हातातून घेतला. "सुया मीच लावतो. तू लबाडी करशीन."

दोन्ही गाड्यांना त्यांनी दोनदा सुया लावल्या आणि आकडे मोठ्यानं वाचले.

उभी, १२.१. फिरलेली, १२.५.