इब्रामपूरची बंदूक ठाण्यातच राहिली

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. गाव इब्रामपूर, तालुका पेडणे. बढाई मारत नाही, पण एके काळी आमच्या वाड्यावर माझ्याएवढा मान कुणालाच नव्हता, सरपंचांनासुद्धा नाही.

सावंतवाडीकडच्या एका कारागिराने माझी नळी घडवली आणि फणसाच्या लाकडाचा दस्ता बसवला. धनी कृष्णनाथ यांच्या वडिलांनी शेत राखायला परवाना काढून मला आणले. भात पिकले की रानडुकरे यायची आणि माझ्या एका बारात पळायची. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ चढे. मला वाटे, मी देवच आहे.

गोवा राज्य झाल्यावरची पहिली निवडणूक आली. निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा नियम. कृष्णनाथ कुरकुरले, "आणि डुकरांका कोण सांगतलो, निवडणूक आसा म्हणून?" पण मला घेऊन गेले.

गळ्यात चिठ्ठी बांधून मला एका खोलीत उभे केले. शेजारी एक गावठी बंदूक होती. तिला ना परवाना, ना नंबर. माणूस मारला तेव्हाच ती पोलिसांना सापडली. "मला जमा करा, असं कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली.

निवडणूक झाली. कृष्णनाथ मला न्यायला आले, आणि मागोमाग त्यांची बायको सुलोचनाही.

"दादा, ती परत दिवं नकात," ती हवालदारांना म्हणाली.

"वहिनी, लोक बंदुकी मागूक येतत. नको म्हणणारी तुमीच पयली."

मग तिने सांगितले. पाटाच्या पाण्यावरून कृष्णनाथ आणि धाकटा भाऊ धाकू अंगणात भांडले. धाकूने बापावरून शिवी दिली. बाप दोघांचा एकच, पण रागात कोण बघतो? कृष्णनाथ घरात धावले आणि त्यांनी भिंतीवर हात टाकला. तिथे मी नव्हते. मग बाहेर येऊन त्यांनी धाकूच्या थोबाडीत दोन दिल्या, धाकूने त्यांचा सदरा फाडला, आणि तिसऱ्या दिवशी दोघे शेजारी बसून जेवले.

"ती थंय आसती, तर माझो दीर आज नसतो," सुलोचना म्हणाली.

"आणि शेत?" कृष्णनाथ म्हणाले. "औंदा अर्धा भात डुकरांनी खाल्ला."

"भात परत पेरूक येता."

मग कृष्णनाथांनी कागद मागितला आणि परवाना सोडल्याची सही केली. जाताना त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, कायद्याने सगळे थांबते का? नाही. शेजारची ती गावठी बंदूक वेळेवर कायद्याच्या हाताला लागलीच नव्हती, आणि एक माणूस गेला. पण माझ्यापर्यंत कायदा पोचला होता, म्हणून धाकू आज आहे. आता दोघे भाऊ आळीपाळीने पत्र्याचे डबे बडवून शेत राखतात.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला पुसा, जपा, तेल लावा. माझी विनंती उलटी आहे. मला तेल लावू नका. मला गंजू द्या.