पायरीची हाक

"हे पान काढून टाका," आप्पा पुन्हा म्हणाले आणि पुन्हा खुर्चीतून उठले.

"काका, बसा तरी. चहा गार होतोय."

"होऊ दे गार."

संपादिकाबाई त्यांच्या लेकीच्या वयाची. टेबलावर आप्पांच्या बायकोच्या कादंबरीची शेवटची पानं पडली होती. लढाईवरची कादंबरी. ती लिहून झाली आणि थोड्याच दिवसांत बायको गेली. पुस्तक उद्या छपाईला जायचं होतं.

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. आप्पांचा जोडीदार गेंडा कपाटं लादून वाट बघत होता. लोकांचं घरसामान हलवायचा दोघांचा धंदा. केस त्यातच पिकलेले. जिन्यावर जड कपाट चढवताना वरचा माणूस पाठमोरा चालतो, त्याला पायरी दिसत नाही. खालच्याने ओरडायचं, "पायरी!" वरच्याने "आली!" म्हटल्याशिवाय सरकायचं नाही.

बायको आजारी पडली तेव्हा ते दोघे तिला खुर्चीत बसवून असंच तिसऱ्या मजल्यावर घरी न्यायचे. गेंड्याने "पायरी" म्हटलं की आप्पांच्या आधी तीच "आली" म्हणायची. शिवाय गेंड्याला दम द्यायची, "कपाटच केलंत ना माझं? मग जपून न्या, आरसा आहे आत!"

शेवटच्या खेपेला मात्र ती एकदाही बोलली नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि सकाळीच आप्पा तिच्यावर खेकसले होते, "बास झालं ते लिहिणं! त्यानेच खाल्लंय तुला." वर चढताना पाठीमागून त्यांना फक्त तिचा भांग दिसत होता. रागावली आहे, असं त्यांनी धरलं. पुढे विचारायचा धीर झाला नाही.

आणि आता हे पान. लढाईत दोन माणसं एका जखमी जवानाला स्ट्रेचरवरून नेतायत. मागचा बॉम्बच्या आवाजाने बहिरा झालाय. पुढचा ओरडतो, "खड्डा!" मागच्याला हाताने खूण करून त्याच्याऐवजी जवानच उत्तर देतो, "आला!" आणि मग एका खड्ड्याला उत्तर येत नाही.

"युद्ध म्हटलं की तोफा असतात, बंदुका असतात," आप्पा येरझाऱ्या घालत म्हणाले. "हिने आमचा जिना नेऊन घातलाय त्यात! आम्हाला ओळखणारे म्हणतील, बाई नवऱ्यावर रुसून गेली."

"तोफा आहेत की आधीच्या भागात. खोटं कशाला बोलू, त्या वाचताना मला काही झालं नाही. पण इथे हाकेला उत्तर आलं नाही आणि पान उलटायला माझा हात धजेना. लढाई माणसाचं काय करते ते मला इथे कळलं. हे काढलंत तर मागे नुसता धूर उरतो." तिने पान पुढे ओढलं. "तुम्ही पान शेवटपर्यंत वाचलंत?"

उत्तर थांबतं तिथेच आप्पांनी वाचणं सोडलं होतं.

संपादिकाबाईने पुढचं वाचून दाखवलं: "जवानाचा आवाज कापायला लागला होता. तो पुढच्याच्या कानात गेला असता तर पुढच्याचे हात थरथरले असते. म्हणून तो गप्प राहिला."

आप्पांनी कप उचलला, न पिताच ठेवला. "हे जवानाचं झालं. तिचं काय?"

"ते मी कसं सांगू, काका?"

धाडकन दार उघडलं. "अरे, तिकडे गिऱ्हाईक माझ्या नावाने शंख करतंय आणि तू चहा पितोस?" गेंडा दारातच गरजला.

"गेंड्या, त्या दिवशी तू खाली होतास. तिचा चेहरा तुला दिसत होता. चिडली होती का रे?"

गेंड्याला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. "वहिनी? छे! ओठ आवळून बसली होती. घामाने निथळत होती. मी 'पायरी' म्हटलं की मान हलवायची."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस कधी?"

आप्पा खिडकीशी गेले, तिथून दाराशी, परत टेबलाशी. पानाची कड बोटाने उगीच सरळ केली.

"राहू द्या पान," ते म्हणाले. मग घाईघाईने, "पोचतो का तो?"

"ते नाही लिहिलेलं. जवानाला उचलून ते दोघं चालत असतात, तिथेच पुस्तक संपतं."

"म्हणजे अजून उचलूनच धरलंय?" गेंडा कळवळला. "वहिनीला सांग की, टेकवू दे म्हणावं जरा!" आणि त्याने जीभ चावली.

"मध्येच टेकवत नाहीत, गेंड्या," आप्पा म्हणाले आणि त्याच्या आधी जिना उतरायला लागले.