वरचा हात अजून कडक आहे

मी एक जुनं धनुष्य आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझ्याकडून पराक्रमाच्या गोष्टींची अपेक्षा ठेवू नका. माझ्यावरून सुटलेला बाण निशाण्यापर्यंत कधी पोचलेलाच नाही. तसं का झालं, तेवढंच सांगायला बसलो आहे. ऐकताना मला हसलात तरी चालेल, पण काकूंना हसू नका.

मी मूळचा तुतीच्या झाडाचा. रस्ता रुंद करताना ते झाड तोडलं. लोकांनी फांद्या जळणाला नेल्या आणि काकांनी खोडाचा एक सरळ तुकडा खांद्यावर टाकून घरी आणला. काका धनुष्यं करायचे. अख्खी गल्ली त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांनी मला उभं चिरलं, तडे जाऊ नयेत म्हणून टोकांना मेण लावलं आणि माळ्यावर टाकलं. लाकूड सावलीत सावकाश वाळावं लागतं, हे खरं. पण मी तिथे इतका पडून राहिलो की हे मला साफ विसरले, असंच वाटायला लागलं.

विसरले नव्हते. त्यांची लेक तिरंदाजीच्या निवडीसाठी नाव देऊन आली, त्याच आठवड्यात त्यांनी मला खाली उतरवलं. तोवर ती मंडळाचं उसनं धनुष्य वापरत होती, आणि ते तिच्या मानाने ओढायला हलकं होतं. तिला तिच्या जोराचं धनुष्य हवं होतं. "हे तुझं," काका तिला म्हणाले, आणि लाकूड असूनसुद्धा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता थोडं कामाचं ऐका. धनुष्याला निशाण्याकडच्या बाजूला पाठ असते आणि ओढणाऱ्याकडे पोट असतं. पाठीला हत्यार लावायचं नाही. तिथली लाकडाची एक शीर जरी कापली गेली, तरी धनुष्य मोडतं. खरवडायचं ते पोट. मधोमध धरायची मूठ, तिच्या वर माझा एक हात, खाली एक हात, आणि दोरी ओढली की दोघांनी सारखं वाकलं पाहिजे. एक कडक राहिला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो, आणि तो बिचारा एक दिवस ओढणाऱ्याच्या तोंडावर मोडतो. म्हणून जो कडक असेल त्याचं पोट जरासं खरवडायचं, ओढून बघायचं, पुन्हा खरवडायचं. घाई केली की संपलं, कारण काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही.

काकांच्या खोलीत भिंतीवर एक जाड खुंटी होती. तिच्यावर माझी मूठ टेकवायची, माझ्या दोरीत आकडा अडकवायचा आणि आकड्याचा दोर जमिनीजवळच्या कप्पीतून ओढायचा. मध्ये वजनाचा काटा, म्हणजे किती जोर लागतो ते कळायचं. काका अगदी माझ्याजवळ उभे राहून ओढायचे, लाकूड कुरकुरतंय का ते ऐकत. जवळून त्यांना एका वेळी माझा एकच हात दिसे. दोन्ही हात एकदम बघायचं काम काकूंचं. समोरच्या भिंतीला टेकून त्यांची खुर्ची असायची. तिथून त्या सांगायच्या, "खालचा हात कडक आहे, मुठीपासून वीतभर." काका तेवढंच खरवडायचे. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं. काकूंनी "पुरे" म्हटल्याशिवाय त्या घरातून एकही धनुष्य बाहेर गेलं नव्हतं.

शेजारचा शिंपी चेष्टा करायचा, "काकू काय, उंटावरून शेळ्या हाकतात."

"शेळ्या माझ्या आहेत," काका म्हणायचे, "पण वाट तिलाच दिसते."

माझं काम सुरुवातीला छान चाललं. मग एका सकाळी माझे दोन्ही हात सारखे झाले. ते मला आतून कळलं, जसं तुम्हाला जेवण पुरेसं झालेलं कळतं. काटाही लेकीच्या जोरावर बरोबर उभा होता. मी "पुरे"ची वाट बघत होतो.

"वरचा हात अजून कडक आहे," काकू म्हणाल्या.

"मला तर बरा वाटतोय," काका म्हणाले.

"तुम्ही जवळ उभे आहात."

यावर त्या घरात अपील नव्हतं. काकांनी वरचा हात खरवडला. साहजिकच आता खालचा खरोखर कडक झाला, म्हणून खालचा खरवडला. काकू म्हणाल्या, वरचा. दोन मांजरांच्या भांडणात लोण्याची वाटणी करायला बसलेल्या माकडाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. माझं त्या लोण्यासारखंच झालं. काटा रोज थोडा खाली येत होता. काकांना तो दिसत होता, पण स्वतःच्या हातापेक्षा काकूंच्या नजरेवर त्यांचा जास्त विश्वास होता. या माणसाचा मला तेव्हा फार राग आला. आज येत नाही.

एकदा आकड्याच्या दोराची गाठ सैल झाली, म्हणून काकांनी मला खुंटीवरून काढून मांडीवर घेतलं. गाठ मारून त्यांनी नुसताच दोर ओढून पाहिला. कप्पी कुरकुरली.

"वरचा हात अजून कडक आहे," काकू समोरून म्हणाल्या.

खुंटी रिकामी होती. मी काकांच्या मांडीवर होतो. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्या रिकाम्या भिंतीकडे बघत होत्या, मान जराशी तिरकी, अगदी नेहमीसारखी. त्यांचे डोळे गेले होते. घर पायाखालचं होतं, भांडी हाताखालची होती, त्यामुळे आजवर निभावलं, आणि त्यांनी कुणाजवळ तोंडातून ब्र काढला नव्हता.

"बरं," काका म्हणाले.

एवढंच म्हणाले, मित्रांनो. मग मला उलटं करून त्यांनी वरच्या हातावर खरवडायचा धारदार पत्रा धरला आणि खरवडायला लागले. खरवडताना ते रडत होते. काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या एखाद्या फळीवर खरवडायचं, काकूंना काय कळणार. काकांनाही ते सुचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोक्याची एक फळी घेतली आणि तिच्यावर पत्रा ओढला.

"लाकूड बदललं का हो?" काकूंनी लगेच विचारलं.

"नाही गं, पत्रा बोथट झालाय," काका म्हणाले, आणि पुन्हा मला हातात घेतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. सांगावं तर त्या खुर्चीवरून काकू उठतील आणि मग दिवसभर कुठे बसतील? न सांगावं तर मी असा संपत चाललेला. त्यांनी मला संपू दिलं. निवड जवळ आली, तेव्हा कुठे काकू हळूच "पुरे" म्हणाल्या. काटा पार खाली आला होता, एखाद्या लहान पोराच्या जोराइतका.

लेक आली. घरामागे वाळक्या गवताचा भारा निशाणा म्हणून बांधलेला होता. काकू दारात उभ्या राहिल्या. लेकीने मला ओढलं मात्र, तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे बोट केलं आणि मग ते आपल्या डोळ्यांवर ठेवलं. लेक शहाणी होती. तिने बाण सोडला. तो अर्ध्या वाटेत मातीत पडला.

"लागला का?" काकूंनी विचारलं.

"लागला, आई. छान झालंय."

"आवाज नाही आला."

"गवत मऊ पडलंय."

 काकू हात पुढे करून म्हणाल्या, "आण बघू इकडे."

त्या घरात झालेलं एकही धनुष्य काकूंच्यानं छातीपर्यंत ओढवलं नव्हतं. दोन बोटं ओढून त्या हसून सोडून द्यायच्या. त्यांनी माझी मूठ धरली, दोरी ओढली, आणि मी वाकत गेलो. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. जीव तोडून ताठ राहिलो असतो. पण ताठ राहायला माझ्या पोटात लाकूडच उरलं नव्हतं. दोरी त्यांच्या छातीला लागली, मग हनुवटीला, मग कानाला.  काकूंनी दोरी हळूहळू परत सोडली, झटक्याने नाही, कारण धनुष्यवाल्याच्या घरात रिकामी दोरी कुणी सोडत नाही.

"मला 'पुरे' म्हणायची छाती होईना," त्या म्हणाल्या. "चुकून एखादा हात कडक राहिला आणि पोरीच्या तोंडावर मोडला तर? म्हणून कडकच म्हणत राहिले. वाटलं, हे सांगतील कधीतरी, की अगं, तुला दिसतंय कुठे."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल," काका म्हणाले.

"माझे डोळे गेले, ते मी लपवलं, माझं चुकलं. पण तुमचे तर शाबूत होते ना?"

 लेक उसनं हलकं धनुष्य घेऊन निवडीला गेली आणि निवड न होता परत आली. तिने आईबाबांना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्याचाच त्या दोघांना जास्त त्रास झाला. काकू त्या खुर्चीवर पुन्हा बसल्या नाहीत. काकांनी नंतर नवीन लाकूड हातात घेतलं नाही.

मी दोरी उतरवून खिळ्यावर टांगलेला आहे. कुणी ओढलंच, तर माझे दोन्ही हात आजही अगदी सारखे वाकतात. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं दिसणं किंवा ऐकणं कमी होत असेल, तर त्यांना तसं सांगा. ते रागावतील, रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. जवळ बसा आणि तरीही सांगा. काकूंनी वाट पाहिली होती. त्या खुर्चीवर बसून रोज "कडक आहे" म्हणताना त्या वाट बघत होत्या, की समोरचा माणूस आज तरी "नाही" म्हणेल. आणि तो रोज "बरं" म्हणत होता.