जुलैतले चार शब्द

पोराचं हेल्मेट काढून घेणं, हे माझं मैदानावरचं एकमेव हत्यार. सव्वीस वर्षं या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची दुखणीखुपणी बघतेय, आता इथल्या वैद्यकीय खात्याची प्रमुख आहे, पण कामाचं शिकले ते एवढंच. डोक्याला मार बसलेला पोरगा 'मी ठीक आहे' म्हणणारच. आपण त्याचं हेल्मेट काखेत मारायचं आणि सामना संपेपर्यंत द्यायचं नाही.

गेल्या शनिवारी रॉइस टॉलिव्हरचं घेतलं. त्याचं डोकं समोरच्या धिप्पाड पोरावर आपटलं. तो उठला आणि शांतपणे दुसऱ्याच संघाच्या बाकाकडे चालू लागला.

मंगळवारी त्याची परीक्षा घेतली. जुलैत, मोसमाआधी, ती सगळ्यांचीच होते. बारा शब्द ऐकायचे आणि वीस मिनिटांनी आठवतील तेवढे लिहायचे. पुढे मार बसला की पुन्हा तशीच परीक्षा, फक्त शब्द नवे, आणि आकडा जुलैइतका आला की पोरगा मैदानात. पोरं काय दूधखुळी आहेत? जुलैत मुद्दाम वाईट लिहितात, म्हणजे नंतर आकडा जुळतोच.

रॉइसने जुलैत चार लिहिले होते. रसायनशास्त्रात वर्गात पहिला येणारा पोरगा! कागद देऊन दाराशी गेला, मागे वळला आणि "मॅम, दिवा, पूल, लोकर, मध..." असे बाराच्या बारा शब्द ओळीने म्हणून दाखवले.

"चोरा! पुन्हा बसवीन हं," मी म्हणाले.

"बसवा की. मग पाच लिहीन."

मी हसले. त्र्याण्णव पोरं, दुसऱ्या दिवसापासून सराव आणि मुख्य प्रशिक्षक पर्डीची घाई. डोळ्यांवर कातडं ओढलं आणि सही ठोकली.

मंगळवारीही चारच आले.

पर्डी दारातच उभा होता. "चाराला चार. दे हेल्मेट, मार्ज."

"थांब जरा."

"आता कशाला? तुझाच कागद, तुझीच सही. शनिवारी बड्या संघांची माणसं याला बघायला येतायत. पोराच्या नशिबाच्या आड येऊ नकोस."

त्याला बाहेर काढून मी दार लावलं. "रॉइस, नाटक पुरे. जुलैत दाखवलेस तसे आजचे सगळे म्हणून दाखव."

तो हसला. बोटांवर मोजत सुरू झाला. "घोडा, साबण, शिडी, पाव..." पाचवं बोट तसंच राहिलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. पुन्हा तेच चार. हसू मावळलं.

"मॅम, बाराच होते ना?"

"हो रे."

"मी आज मुद्दाम नाही केलं. खरंच नाही."

हे डोकं घेऊन तो शनिवारी उतरला आणि दुसरा मार बसला, तर कदाचित उठणारच नव्हता. आणि माझा कागद म्हणत होता, ठणठणीत. त्याला थांबवायला एकच वाट होती. मी पर्डीला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर जुलैच्या कागदावर लिहिलं: 'हा आकडा खोटा आहे. मला तेव्हाच माहीत होतं.' खाली सही केली.

पर्डीने ते दोनदा वाचलं. "वेड लागलंय का तुला? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस. तुला इथे ठेवतील का आता?"

"नाही ठेवणार."

तो मटकन खुर्चीत बसला. बाहेर सराव सुरू झाला होता, हेल्मेटवर हेल्मेट आदळत होती. त्याची नजर माझ्यामागच्या, जुलैचे कागद ठेवलेल्या कपाटाकडे गेली. "मार्ज," तो हळूच म्हणाला, "बाकीचे ब्याण्णव?"

मी कपाट उघडलं. ते ब्याण्णव आज तरी मला थांबवता येणार होते. ही परीक्षा आमच्याकडे अकरा वर्षं चालू आहे, आणि आकडा जुळला म्हणून मी स्वतःच्या हाताने हेल्मेट परत दिलेली पोरं आता कुठे आणि कशा अवस्थेत आहेत, ते मला ठाऊक नव्हतं.