बेचाळीस सेकंदांचं पाणी

शेंद्र्याच्या शिवारात जत्रा लोटली होती. मधोमध भगवी कफनी घातलेले जलयोगी बन्सी महाराज अनवाणी चालत होते. उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवलेला, डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटणारे. बायकांनी डोक्यावर पदर घेतले होते, पोरं बापांच्या खांद्यावर चढली होती. एकाएकी महाराजांचा हात थरथरला आणि आडवा नारळ तळहातावर ताठ उभा राहिला! गर्दीतून "आई गं!" असा एकच उद्गार निघाला.

"पाणी जमिनीत नसतं रे लेकरांनो," महाराज गरजले, "पाणी भक्तीत असतं! भूगंगा झोपली आहे. तिला उठवायला यंत्र लागत नाही, हाक लागते!"

हाक मारून झाल्यावर यंत्र मात्र लागलंच. बोअरची गाडी धडधडली, धुळीचे लोट उठले आणि लिंबाच्या शेंड्याएवढा पाण्याचा फवारा आभाळात गेला. माणसं भिजत नाचू लागली. एका म्हातारीने तर गाडीच्या चाकालाच हळदकुंकू वाहिलं.

हे सगळं बेचाळीस सेकंदांत आटोपलं. शेवटच्या तीन सेकंदांत महाराजांचा मोबाइल नंबर आणि बोअरच्या गाडीवाल्याचं नाव. पाच दिवसांत नऊ लाख लोकांनी हा चमत्कार पाहिला. आणि ज्या पोरीने तो घडवला होता, ती शहरात, औरंगपुऱ्यातल्या साडीच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ कापत होती.

तिचं नाव ज्ञानेश्वरी. सिल्लोडकडच्या एका वाडीतल्या धनगराची लेक. लोकांचे तास-तासभराचे व्हिडिओ घ्यायचे आणि त्यांच्या धंद्याच्या जाहिरातीसाठी छोट्या रील पाडायच्या, हे तिचं काम. दातांच्या डॉक्टरचं लांबलचक व्याख्यान असो की शेंद्र्याजवळच्या प्लॉटवाल्याची कंटाळवाणी सहल, ज्ञानेश्वरीच्या हाताखालून गेलं की चटकदार व्हायचं. तिचा मालक प्रणय सारखं एकच पालुपद आळवायचा, "तीन सेकंदांत बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. नाही थांबला, तर रील मेली समज."

महाराजांचं चित्रण दोन दिवसांचं होतं, साडेचार तासांचं. त्यात नारळ सात शेतांत उभा राहिला होता आणि गाडीने सात ठिकाणी भोकं पाडली होती. सहांतून नुसता फुफाटा निघाला. सातव्यातून पाणी उडालं. नारळ सगळ्यांत झोकात उभा राहिला होता तो दुसऱ्या शेतात. तिने दुसऱ्या शेतातला नारळ घेतला, त्याला सातव्या शेतातला फवारा जोडला, मधे ढोलाचा आवाज टाकला आणि उरलेलं सगळं बाजूला सारलं. त्यात काही वाईट केलं असं तिला वाटलंही नाही. ज्वारी पाखडताना फोल उडतं, त्याचं सुतक कोण धरतो?

सुतक धरायची वेळ मंगळवारी आली. आईचा, सुगंधाबाईचा फोन आला.

"ज्ञानू, तुझा बाप मेंढरं इकायला निघालाय."

"कामून?"

"बोअर घ्यायचाय म्हने. कोन्या महाराजाचा नारळ पाह्यला त्यानं मोबाइलात. बेस्तरवारी येनारेत महाराज. शुक्करवारी मेंढरं जात्यात. तू ये बाई, मव्हं तर ऐकत नाय."

चाळीस मेंढरं म्हणजे त्या घराचं सगळं काही होतं. त्यांच्यावरच ती शिकली होती. दोन वर्षं पाऊस नव्हता, वाडीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. शहर वाढत चाललं होतं आणि पिढ्यान् पिढ्यांची शेंद्र्याकडची चराई कारखान्यांच्या आणि प्लॉटांच्या कुंपणांत गेली होती. बापाचे, सूर्यभानचे गुडघे थकले होते. दोन एकर माळाला पाणी लागलं तर एका जागी बसता येईल, एवढंच त्याच्या मनात होतं. यात त्याला मूर्ख कसं म्हणायचं?

बुधवारी सकाळीच ती एसटीने वाडीत पोचली, लॅपटॉप घेऊन.

"बाबा, ती रील मी कापलीय," तिने घरात पाऊल टाकल्याटाकल्या सांगितलं.

सूर्यभानचा चेहरा फुलला. "तू? मंग तर तू महाराजाला पाह्यलं असशील! अगं सुगंधा, आपल्या पोरीनं काढलाय त्यो पिच्चर!"

हे असं झालं. कबुली द्यायला गेली आणि बापाची छाती फुगली. तिला रडावं की हसावं कळेना.

दुपारी तिने मारुतीच्या ओट्यावर लॅपटॉप मांडला. अख्खी वाडी जमली. पहिल्या शेतात नारळ उभा राहिला, लोकांनी हात जोडले. मग गाडी लागली. धूळ, धूळ आणि धूळ. अर्धा तास गेला.

"पानी कवा येतंय?" कुणीतरी विचारलं.

"इथं येतच नाही. तेच दाखवतेय मी."

"मंग फुडं ढकल की! कोरडं काय पाहायचं?"

"कोरडंच पाहा, काका. खरी गोष्ट कोरड्यातच आहे."

पण कोरडं पाहायला कोण बसतो? दुसऱ्या भोकाला निम्मे उठले, तिसऱ्याला पोरं लगोरी खेळायला गेली. चौथ्याला बाया टँकरच्या रांगेत हंडे लावायला पळाल्या. ओट्यावर उरले सूर्यभान, सुगंधाबाई आणि पाय दुखतात म्हणून बसलेली गोजरबाई. चार तासांनी सातव्या शेतात फवाऱ्याचा आवाज झाला, तशी सगळी वाडी धावत परतली. "आलं! आलं!" टाळ्या पडल्या. ज्ञानेश्वरी बघतच राहिली. तिने औरंगपुऱ्यात बसून जे कापून टाकलं होतं, नेमकं तेच वाडीने स्वतःहून टाळलं होतं.

सूर्यभान मात्र जागचा हलला नव्हता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण संध्याकाळी काट्याकुट्यांच्या वाडग्यात मेंढरं शिरताना एखादं कमी असलं की न मोजता कळायचं. तो हळूच म्हणाला, "सा कोरडी गेली."

"व्हय बाबा. रीलमधे ती साही गायब आहेत. चाळीसातली चौतीस मेंढरं लांडग्यानं नेली आन् उरलेली सा दाखवून कुनी म्हनलं की, बगा कसा राखलाय कळप, तर तुम्ही मानाल?"

"नाय मानायचो." मग त्याने लेकीकडे पाहिलं, आणि त्या नजरेनेच तिचा धीर सुटला. "पर ज्ञाने, आपलं सातवं असलं तर?"

आशेला हिशोब पटतो, पण ती उठून जात नाही.

गुरुवारी महाराज आले, कॅमेरावाला घेऊनच. माळावर नारळ उभा राहिला, जयजयकार झाला. ज्ञानेश्वरी पुढे झाली. ऑफिसात तिने चित्रणातला महाराजांचा हात शंभर वेळा सावकाश करून पाहिला होता. मनगट किंचित खाली घ्यायचं, बोटांनी खालून हलका रेटा द्यायचा. नारळाचा जड बुंधा तळव्याच्या खोलगट भागात सरकतो आणि शेंडी आपोआप वर येते. चालता चालता, मंत्र म्हणता म्हणता केलं की कुणाच्या लक्षातही येत नाही. कदाचित करणाऱ्याच्यासुद्धा.

"इकडं या सगळे," ती म्हणाली आणि थेट मारुतीच्या सिमेंटच्या ओट्यावर चढली. "इथं खाली काळा खडक आहे, मागं पाया खणताना तुम्हीच सुरुंग लावले होते. आता बघा." तिने हातावर नारळ ठेवला. दोन पावलं चालली. नारळ उभा राहिला.

आता कळलं यांना, असं तिला वाटलं.

"अगं बया!" गोजरबाई ओरडली. "पोरीच्या हातालाबी गुन हाये!"

"ओट्याखालीबी पानी हाये म्हना की!"

गोजरबाईने वाकून तिचे पाय धरले. "बाई, आमच्या पांदीच्या तुकड्यात येऊन जा ना येक डाव."

"अहो आजी, ही हाताची सफाई आहे! कुणालाही जमते! तुम्हाला शिकवते मी!"

महाराज मंद हसले. अशा प्रसंगांचा त्यांना सराव असावा. "शक्ती कुणातही प्रकट होते, माते. पण ज्याला तिची ओळख नाही, तो तिला सफाई म्हणतो." पुन्हा जयजयकार झाला. ज्ञानेश्वरीचा आवाज त्यात बुडून गेला. खरं सांगते आहे, करून दाखवते आहे, तरी ऐकायला कुणी नाही.

शुक्रवारी मेंढरं टेम्पोत चढली. सुगंधाबाई घराबाहेर आलीच नाही.

शनिवारी बोअरची गाडी लागली. तीनशे फुटांपर्यंत राख उडावी तसा फुफाटा. साडेतीनशेला ओलं माती-पाणी आलं आणि एकदम फवारा उसळला. वाडी बेभान झाली. सूर्यभान त्या फवाऱ्यात गुडघ्यांवर बसला, हात जोडले आणि लहान मुलासारखा रडला. कॅमेरावाल्याने ते अगदी जवळून टिपलं.

ज्ञानेश्वरी गाडीवरच्या तमिळ ड्रायव्हरपाशी गेली. तो नारळ वगैरे काही न बघता दांडे उतरवायच्या तयारीत होता.

"भैया, पानी लगा क्या?"

त्याने मान हलवली. "पानी नहीं, अम्मा. हवा है. नीचे दो घडा भी रहेगा, कॉम्प्रेसर ऊपर फेंकता. मशीन बंद, पानी बंद."

दहा मिनिटांनी मशीन बंद झालं. फवारा बसला. रविवारी मोटर सोडली, दीड हंडा गढूळ पाणी आलं आणि मग पाइप नुसता खोकायला लागला. महाराजांना फोन केला, तर ते म्हणाले, "घरातल्या कुणीतरी शंका घेतली ना? शंकेने भूगंगा रुसते. एक शांती करावी लागेल." लागलं तर महाराजांची शक्ती, नाही लागलं तर तुमची शंका. असा हा धंदा, यात बुडायचं ते नेहमी गिऱ्हाइकानेच.

सोमवारी ज्ञानेश्वरी कामावर गेली, तर तिच्या टेबलावर नवीन चित्रण येऊन पडलं होतं. उघडून पाहिलं. त्यात तिचाच बाप रडत होता.

"हे मी कापणार नाही. तिथं पाणी लागलेलं नाही."

प्रणय काही वाईट माणूस नव्हता. तो खरंच गोंधळला. "अगं यार, यात आपण खोटं काय टाकलंय? एक तरी दृश्य बनावट आहे का? काका रडलेत, पाणी उडालंय. जो हुआ वही दिखा रहे हैं."

"झालं ते सगळं दाखव ना मग. दहा मिनिटांनी काय झालं तेही दाखव."

"ते कोण बघणार?"

पाच दिवसांपूर्वी अख्ख्या वाडीने तिला हेच ऐकवलं होतं. तिने काम सोडलं. शेजारच्या टेबलावरच्या मेघाने दोन तासांत रील कापली. छान कापली. चाळीस मेंढरं देऊन कोरडं भोक घेतलेला माणूस अडतीस सेकंदांत धन्य होऊन गेला.

पुढच्या रविवारी सूर्यभान अंगणात रिकाम्या वाडग्याकडे पाठ करून बसला होता. त्याचा फोन वाजला. ज्ञानेश्वरीने स्पीकर लावला. जालन्याकडचा कुणी होता. रीलखाली वाडीचं नाव वाचून त्याने कुठून तरी नंबर मिळवला होता.

"मामा, तुमच्या इथं पानी लागलं ना? आम्हीबी बोलवतोय महाराजाला. बैलजोडी मोडतोय."

"दादा, पानी नाय लागलं."

पलीकडचा हसला. "काय चेष्टा करता मामा! आम्ही डोळ्यांनी पाह्यलं. तुम्ही हात जोडून रडत व्हते."

"त्यो मीच व्हतो. त्याच्यावर दहा मिन्टांनी काय झालं, ते पाह्यलं का?"

"ते कुठंय त्यात?"

"नाय ना? मंग तेच इचार बाबा! किती भोकं पाडली, किती कोरडी गेली, मशीन बंद झाल्यावर हंड्यात काय ऱ्हायलं, येवढं इचार. महाराजाला इचार, गाडीवाल्याला इचार. मव्ह्यावरबी भरोसा ठिवू नको. येष्टीत बस आन् हितं ये. भोकात खडा टाक आन् कान लावून ऐक. मंग काय मोडायचं ते मोड."

ज्ञानेश्वरीला वाटलं, पोचलं.

"मामा," तो माणूस म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात राग होता, "तुम्हाला लागलं, आता दुसऱ्याला लागू नये असंच ना?"

फोन बंद झाला. सूर्यभानने मोबाइल लेकीच्या हातात दिला.

"लाव त्याला पुन्ना."

तिने लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही.

"आजून लाव," सूर्यभान म्हणाला. "बैलं हायेत त्याची."